फणीचा डोळा

त्या बाईनं सरळ माझ्या पदरालाच हात घातला.

दिल्लीतला कारागिरांचा मेळा. फेब्रुवारीतली दुपार. आमच्या मांडवात बाकड्यावर बसून मी पैंजणाच्या कड्या झाळून सांधत होते, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. एका हातात फुंकणी, दुसऱ्यात चिमटा. तिला झटकायला मला तिसरा हात नव्हता.

बाई समोरच्या मांडवातली. ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, रंगानं माझ्या आत्तीसारखी. तिच्या मांडवावर अमेरिकेची पाटी आहे असं मालकांनी सकाळी वाचून सांगितलं होतं, म्हणून मी सकाळपासून तिथं गोरं माणूस कधी येतंय याची वाट बघत होते. ही बाई फडकं घेऊन टेबल पुसत होती, तर मला वाटलं, झाडलोटीला ठेवलेली असेल. माझ्याच रंगाची बाई बघून माझ्याच मनात हे आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

पदर खांद्याला टाचलेला होता आणि टाचणीवर निळं पाखरू होतं. चांदीच्या घरात पिरोजाचे नखाएवढे तुकडे एकाला एक भिडवलेले, छातीवर पोवळ्याची लाल चीर, आणि काळा डोळा. तिनं टाचणी काढली, पाखरू पालथं केलं, मागचा ठसा बघितला. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं.

"हौसे, काय केलंस?" मागून बाळासो मालक.

"मी काय करणार? बसलेय न्हवं हितं."

"मग ती रडती कशाला?"

बाईनं माझ्या हातातली फुंकणी काढून बाजूला ठेवली. माझे दोन्ही काळे हात आपल्या हातांत घेतले, तोंडाजवळ नेले आणि खोल श्वास आत ओढून घेतला, जसं काही माझ्या हातांतून तिला वारं प्यायचं होतं. माझ्या हातांना भट्टीचा आणि टाकणखाराचा वास येतो. लग्नाच्या नवऱ्यानंही ते कधी नाकाजवळ नेले नव्हते.

मालक मेळ्यातल्या दुभाषी बाईंना बोलवायला पळाले.

दुभाषी बाई येईपर्यंत हे पाखरू माझ्या पदरावर कसं आलं ते सांगते.

मी हुपरीची. आमच्या गावात घराघरात चांदी चालते. तेव्हा आमच्या गल्लीत रीत अशी होती की पुरुष कारखान्यात ऐरणीवर बसायचे आणि बायका उंबऱ्यात. कारखान्यातनं कड्यांचं गाठोडं घरी यायचं, बायकांनी जोडायचं, परत द्यायचं. माझी आई जोडायची, तिची आई जोडायची. डोळे गेले की सून बसायची. तयार पैंजणाच्या फाश्याला, जिथं पैंजण अडकवतात तिथं, मालकाचा ठसा बसायचा. करणारे हात दहा असोत की वीस, ठसा मालकाचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. ठसा म्हणजे मालक, हे मला आई म्हणजे आई इतकं पक्कं ठाऊक होतं.

एकदा मुंबईच्या पार्टीनं मालकांकडं एक नमुना पाठवला. हेच निळं पाखरू. अमेरिकेतनं आणलेलं, आणि असंच हुबेहूब करून पाहिजे. कारखान्यातल्या कारागिरांनी महिनाभर झटापट केली. त्यांचे पिरोजे एकमेकांना भिडेनात. फटी राहायच्या, त्यात लाख भरली की पाखरू किडक्या दातांचं दिसायचं. मी गाठोडं द्यायला गेले होते. बाकड्यावरचा नमुना उचलून उजेडाला धरला आणि म्हणाले, "हे दगड खालनं तासल्यात."

"तुला काय कळतंय?" मालक म्हणाले.

"कळत न्हाई. दिसतंय."

शेवटी वैतागून त्यांनी नमुना चार दिवस माझ्याकडं दिला. मी तो चुलीच्या उबेवर धरून एकेक दगड सैल केला, बघितला, परत होता तिथं बसवला. प्रत्येक तुकडा वरनं सपाट आणि खालनं आत उतरता होता. त्यामुळं वर कडेला कड केसाचीही जागा न ठेवता मिळायची आणि खाली लाखेला जागा राहायची. एका जागी तर बाईनं तुकडा चुकीचा कापला होता, मग त्याच्या शेजारचा त्या चुकीच्या मापानं कापून भरून काढला होता. मी "बाईनं" म्हणते, कारण मला तेव्हाच वाटलं होतं. इतकी झाकपाक बाईच करते. डोळ्याला मी तापली सुई लावली तर लाखेचा वास आला. दगड नव्हताच तो. मला तसलं कडक काळं काही मिळेना, म्हणून मी माझ्या काळ्या फणीचा एक दात मोडला आणि तो घासून डोळा केला.

माझं पहिलं पाखरू बघून मालकांनी दोन दिवसांत कारखान्यात खिडकीखाली मला बाकडं टाकून दिलं. पुरुषांच्या रांगेत. आमच्या कारखान्यात बाई कधी बसली नव्हती. कारागीर म्हणाले, बरं झालं, आता चहा आतच मिळंल. मी म्हणाले, मिळंल की, तुम्ही केला तर मीबी पिईन. त्या बाकड्यावर पहिल्या दिवशी बसले तेव्हा पाय लांब करून बसले. उंबऱ्यात बसणाऱ्या बाईला पाय लांब करता येत नाहीत, येणारे जाणारे ओलांडतात.

नमुन्याच्या मागं ठसा होता. दोन ओळी. मला कुठलीच अक्षरं येत नव्हती, शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मी त्या नक्षी समजून पोलादावर कोरल्या. असेल अमेरिकेतल्या मालकाचा ठसा, म्हणून. मग तीनशे पाखरं केली आणि तीनशेंच्या पाठीवर तो ठोकला. पहिलं पाखरू तेवढं पार्टीनं परत केलं, डोळा दगडाचा नाही म्हणून; बाकीच्यांना त्यांनी धाडलेला काळा दगड लावला होता. मालक ते आटवायला निघाले होते. मी मागून घेतलं.

तेच माझ्या खांद्यावर होतं.

दुभाषी बाई आल्या. मंजिरीबाई कारखानीस. निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं दिल्लीत, मराठी मात्र अजून इस्त्री केलेली.

समोरची बाई त्यांच्याशी बोलत राहिली. मंजिरीबाईंचा चेहरा फुलत गेला.

"हौसाताई, काय योग आहे बघा. हिचं नाव लोरेटा. ही म्हणते, हे हिच्या आईनं केलेलं आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली. मागं तिच्या आईचं नाव आहे. वरती आग्नेस, आणि खाली झुनी. झुनी म्हणजे त्यांचं गाव, आणि त्या लोकांनाही झुनीच म्हणतात."

"कुठल्या दुकानाची मालकीण व्हती हिची आई?"

"मालकीण नव्हती. करणारी होती."

"करणारी म्हंजे?"

"अहो, स्वतः बसून करायची. चांदीचं काम हिचे वडील करायचे आणि दगड आई बसवायची."

"मग नाव कुणाचं म्हणालात?"

"आईचं. दगड तिनं बसवले, म्हणून तिचं."

मी त्यांना परत विचारलं. मंजिरीबाईंना वाटलं मला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "त्यांच्यात जो करतो तो आपलं नाव मागं घालतो, हौसाताई."

माझ्या पायाखालचं काही सरकलं नाही, डोळ्यांपुढं अंधारीही आली नाही. मी एवढंच केलं की बाकड्यावरची फुंकणी उचलली आणि परत ठेवली. मी तीनशे वेळा एका बाईचं नाव ठोकलं होतं. कुठल्या शेठ-मालकाचं नाही. माझ्यासारख्या बाईचं, जिनं तुकडा चुकीचा कापून शेजारच्यात झाकला होता.

"बाई, सांगा तिला," मालक पुढं आले, "हौसानं मुंबईत विकत घेतलं म्हणावं. लई आवडलं म्हणून घेतलं."

मंजिरीबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं, त्याच घडीला. नाही बोलले. त्यांनी ते इंग्रजीत सांगून टाकलं.

लोरेटा धावत आपल्या मांडवात गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातनं तिनं पिरोजाचा एक न घासलेला खडा काढला, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, आत काळ्या शिरा. माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"आईच्या डब्यातला शेवटचा आहे म्हणते," मंजिरीबाई म्हणाल्या. "आईनं एवढ्या लांबच्या बाईच्या अंगावर आपलं पाखरू बघितलं असतं तर तिनंच दिला असता, म्हणून मी देते, असं म्हणते."

मग तिनं पाखराचा डोळा बोटानं दाखवला आणि हसत काहीतरी सांगितलं.

"गंमत ऐका. आईकडचा काळा दगड संपला होता. वडिलांची आवडती गाण्याची तबकडी, ती जुनी जाड तबकडी, त्याच दिवशी फुटली. आईनं तिचे तुकडे पाखरांच्या डोळ्याला लावले. वडील म्हणायचे, माझं गाणं हिनं पाखरांना देऊन टाकलं. डोळ्यात तबकडी असलेली पाखरं मोजकीच आहेत. त्यातलं हे एक."

जुन्या तबकड्या लाखेच्या असायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. सुईला आलेला वास आठवला. माझ्या मुठीत खडा गरम झाला होता.

लोरेटा गेल्यावर मालक माझ्याजवळ आले. ते वाईट माणूस नव्हते. माझं बाकडं त्यांनीच टाकलं होतं, कारागिरांचं ऐकून घेऊन टाकलं होतं. म्हणून त्यांचं बोलणं मला जास्त लागलं.

"झालं ते बेस झालं. आता गप ऱ्हा."

"मालक, त्यो ठसा शेठचा न्हवता."

"ऐकलं मी. मग काय करायचं? उद्या सकाळी मुंबईची पार्टी हितं येणार हाय. दोन हजार पाखरांची ऑर्डर पक्की करायची हाय. तुझ्याच हातची."

"त्या बाईचं नाव घालून?"

"सगळं जग नकला करतंय, हौसे. आपण एकटेच करतोय का?"

"मी एकटीच केल्या. तुम्ही न्हाई केल्या, पार्टीनं न्हाई केल्या."

मालकांनी इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तोंड उघडलंस तर परत उंबऱ्यात जाऊन बसावं लागंल. बाकडं मी टाकलंय, उचलायलाबी मलाच येतं."

एवढं बोलून ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मेळा उघडायच्या आधीच मी मंजिरीबाईंच्या हाताला धरून समोरच्या मांडवात गेले. लोरेटा साणेचं चाक पुसत होती. मला बघून हसली आणि खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. खडा टेबलावर ठेवला. टाचणी काढून त्याच्या शेजारी ठेवली. मग कनवटीची पिशवी सोडून माझी फणी काढली आणि तीही ठेवली. काळी फणी, मधला एक दात नसलेली.

"बाई, तिला सांगा. ह्या पाखराचा डोळा तिच्या आईच्या तबकडीचा न्हाई, माझ्या फणीचा हाय. पाखरू मी केलंय. नाव तिच्या आईचं मी ठोकलंय. अशी तीनशे केल्यात."

मंजिरीबाईंनी तोंडावर हात घेतला. "अहो हौसाताई."

"सांगा."

त्या बोलायला लागल्या. बोलत राहिल्या. फार वेळ बोलल्या, मधेच माझ्या पाठीवरनं हात फिरवला, मधेच डोळे पुसले.

"बाई," मी म्हणाले, "मी एवढं लांबलचक बोलले न्हाई. तुम्ही साखर घालाय लागलाय."

"मी फक्त म्हटलं की तुम्ही गरीब आहात, शिकलेल्या नाहीत, तुम्हाला कल्पना नव्हती..."

"त्यातलं काय बी म्हणू नका. मी चार वाक्यं बोलले, चारच सांगा."

"तिला वाईट वाटेल हो."

"वाटायलाच पाहिजे."

मंजिरीबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, पदर नीट केला आणि चार वाक्यं सांगितली. त्यांची मी आजही ऋणी आहे. शिकलेली माणसं आमच्या तोंडचं बोलणं पुढं नेताना त्याला आपले कपडे घालतात. त्या बाईंनी त्या दिवशी माझं बोलणं उघडं नेलं.

लोरेटानं डोळ्याला भिंग लावलं. पाखरू उचललं, डोळ्यावर नख ओढलं. फणी उचलली, गेलेल्या दाताच्या जागी बोट लावलं. मग दोन्ही खाली ठेवून एकच शब्द बोलली.

मंजिरीबाई टेबलावरची फणी सरळ करायला लागल्या.

"काय म्हणाली?"

"ते राहू दे."

"सांगा बाई."

"चोर म्हणाली."

"बरोबर हाय," मी म्हणाले. "हेबी सांगा तिला, बरोबर हाय म्हणाले म्हणून."

ते ऐकून लोरेटानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आदल्या दिवशी ती माझ्यात आपली आई बघत होती. आता मला बघत होती. मग तिचा प्रश्न आला. "कुणी शिकवलं?"

"तिच्या आईनं."

मंजिरीबाई अडखळल्या, पण सांगितलं. लोरेटाच्या कपाळावर आठी चढली. आता हे काही शब्दांनी सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्या टेबलावरची काडी उचलली. टोकाला लाखेसारखं काहीतरी लावून त्यावर दगड चिकटवलेला, आमच्याकडं करतात तसाच. ती काडी साणेला आडवी धरली, मग मनगट खाली पाडून खालची कड आत उतरवल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. लोरेटाचं मनगट आपोआप माझ्याबरोबर खाली गेलं. तिला कळलंही नाही ते. मग मी पाखराच्या पंखातली ती जागा दाखवली, जिथं तुकडा चुकीच्या मापाचा होता आणि शेजारच्यानं ती चूक झाकली होती. मी ती चूकसुद्धा जशीच्या तशी केली होती. मला वाटलं होतं, हीच रीत असेल.

लोरेटा त्या जागेकडं बघत राहिली. मग तिनं चाक सुरू केलं, एक पिरोजाचा तुकडा काडीला चिकटवून माझ्यापुढं केला आणि खुर्चीकडं बोट केलं.

मी बसले. पाण्याचा हात लावत लावत तुकडा घासला. पुरुषांच्या रांगेत मी वर्षभर घासत होते, पण कुणी मला अशा डोळ्यांनी बघितलं नव्हतं. कारागीर बघायचे ते बाई कशी बसलीय ते. ही हात बघत होती. एकदा तिनं माझं कोपर धरून दोन बोटं वर उचललं आणि सोडलं. तुकडा लगेच सरळ चालायला लागला.

घासून झाल्यावर तिनं तुकडा काडीवरनं काढला आणि पालथा करून भिंगाखाली धरला. वरची बाजू बघितलीच नाही. मग काहीतरी म्हणाली.

"ठसा कुठं आहे विचारते."

"माझ्या डब्यात."

मी आमच्या मांडवात गेले. एव्हाना मुंबईची पार्टी आलेली होती, पांढरे बूट घातलेला माणूस, मालक त्याला नमुना दाखवत होते. मी माझा हत्यारांचा डबा उघडून ठसा काढला.

"कुठं निघालीस?" मालक म्हणाले.

"समोर."

"हौसे. विचार करून जा."

"काल दुपारपासनं तेच केलंय."

ते माझ्या मागं आले, पार्टीही आली. मी ठसा लोरेटापुढं धरला. माझी समजूत होती की ती तो घेईल, खिशात टाकेल किंवा माझ्या तोंडावर मारेल. तिनं हात मागं घेतले. चाकाकडं मान केली.

"तुम्हीच करा म्हणते," मंजिरीबाई म्हणाल्या.

मी पोलाद चाकाला लावलं. ठिणग्या उडाल्या, एक माझ्या मनगटावर पडली, तिचा डाग अजून आहे. तो ठसा कोरायला मला नऊ दिवस लागले होते. जायला एक पैंजणाची कडी झाळायला लागतो तेवढा वेळ लागला. आधी खालची ओळ गेली, मग वरची. शेवटी पोलाद आरशासारखं कोरं झालं.

पांढऱ्या बुटांचा माणूस मालकांना म्हणाला, "ये क्या पागल औरत है?"

मालक त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले. मला म्हणाले, "दुसरा ठसा होईल. दुसऱ्याकडनं करून घेईन."

"घ्या की. माझ्या हातानं व्हणार न्हाई एवढंच."

"बाकडं गेलं तुझं."

"व्हय, ठाऊक हाय."

ते पार्टीला घेऊन गेले. मी तिथंच बसून होते. कुठं जायचं ते सुचत नव्हतं. लोरेटानं टेबलावरचा आपल्या आईचा खडा उचलला आणि पत्र्याच्या डब्यात परत ठेवला. झाकण लावलं. मला ते बघून बरं वाटलं, खरंच. तिनं तो तिथंच ठेवला असता, मोठ्या मनानं माफ करून टाकलं असतं, तर मी आयुष्यभर त्या खड्याखाली दबून राहिले असते. माझा नव्हता, घेतला परत. व्यवहार सरळ झाला.

मग तिनं माझं पाखरू पालथं केलं, कानस घेतली आणि पाठीवरचं आईचं नाव घासायला लागली. घासताना तिचे डोळे वाहत होते, हात मात्र जराही चुकत नव्हता. चांदीचा भुगा तिनं फुंकून उडवला नाही. कागदावर गोळा केला, पुडी बांधली आणि खडा ठेवला होता त्याच डब्यात ठेवली.

कोरं पाखरू आणि एक कोरणी तिनं माझ्यापुढं सरकवली. बोटानं पाठीवर टिचकी मारली.

"तुमचं नाव घाला म्हणते."

"मला येत न्हाई."

"कोरता तर येतं की तुम्हाला."

"नाव लिवाय येत न्हाई, बाई. अंगठा हाय माझा."

मंजिरीबाईंनी ते सांगितलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी पर्समधनं एक जुनी पावती काढली, ती उलटी केली आणि पेन उघडलं. शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं मोठं लिहायला लागल्या. "पूर्ण नाव सांगा."

माझ्या डोळ्यांपुढनं सगळी नावं गेली. बापाचं, नवऱ्याचं, आडनाव. त्यातल्या एकानंही त्या पाखराचा एक दगड घासला नव्हता.

"नुसतं हौसा."

त्यांनी दोन अक्षरं काढली. मी ती बघितली. मला वाटायचं अक्षरं म्हणजे काहीतरी अवघड असणार, शाळेत वर्षानुवर्षं घालवून येणारं. ही तर तारेची वळणं होती. एक उभी, एक गोल, डोक्यावर आडवी पट्टी आणि वर दोन रेघा वाऱ्यानं वाकल्यासारख्या. मी यापेक्षा अवघड वेल पैंजणावर झोपेत काढत होते. कोरणी धरली आणि काढली. पहिलं अक्षर थोडं मोठं आलं, दुसरं कडेला जाऊन दाटीनं बसलं, एसटीत शेवटची जागा मिळाल्यासारखं.

लोरेटानं त्यावरनं अंगठा फिरवला. मंजिरीबाईंनी वाचून दाखवलं. तिनं म्हणून बघितलं, "होसा." परत बघितलं. मग पाखरू सुलटं करून डोळ्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली.

"डोळा बदलू नका म्हणते," मंजिरीबाई म्हणाल्या. "हा तेवढा तुमचा आहे, असं म्हणते."

तिनं माझ्या पदराला टाचणी स्वतः लावली नाही. माझ्या हातात दिली. फणीही दिली. मग ती आपलं टेबल पुसायला लागली आणि मी उठले. पुढचे दोन दिवस आम्ही समोरासमोर बसलो होतो. ती मला बघून हसली नाही. शेवटच्या दिवशी सामान बांधताना एकदा मान हलवली, बस.

मालकांनी बाकडं काढलं. शब्दाचे पक्के होते. मी पाच वर्षं परत उंबऱ्यात बसून कड्या जोडल्या, आणि मंजिरीबाई दिल्लीहून पोस्टानं मोठ्या अक्षरांतली पुस्तकं पाठवत राहिल्या. सोबत पत्र नसायचं. दिल्लीतनं निघताना म्हणाल्या होत्या, तुम्ही लिहाल तेव्हा मी लिहीन. पुढं माझं घर हाच माझा कारखाना झाला, आता तिथं अकरा बायका बसतात, पाय लांब करून. प्रत्येकीचा ठसा वेगळा आहे. एकीचा तर नुसता वांग्याचा देठ आहे, ती म्हणते मला नाव नको, हेच पाहिजे.

आता मी लेखही लिहिते, आणि ते वाचून लोक विचारतात, लिहायला कुठं शिकलात, आणि एवढा राग कुठनं आणता. राग घरचाच आहे, आणावा लागत नाही. आणि लिहायला मी पाटीवर शिकले नाही. माझी पहिली दोन अक्षरं चांदीवर आहेत, ती आजही पुसत नाहीत. पण ती बाकीची पाखरं कुठं कुठं फिरत असतील, दुसऱ्या बाईचं नाव पाठीवर घेऊन, तीही मला पुसता आलेली नाहीत.

लोरेटा परत कधी भेटली नाही. भेटली असती तर तिला एक सांगायचं होतं. तिच्या आधी तीस वर्षं माझे हात गावानं वापरले, पण हे काम हौसानं केलं असं कुणी म्हटलं नव्हतं. मालक म्हणायचे कारखान्याचं काम, कारागीर म्हणायचे बायकांचं काम. ते माझं आहे असं पहिल्यांदा म्हणाली ती ही बाई, मला चोर म्हणताना. चोर म्हणायलासुद्धा आधी माणूस दिसावा लागतो. तिला मी दिसले.

ती फणी अजून मी वापरते. केस विंचरताना गेलेल्या दाताच्या जागी एक बट सुटून मागं राहते. मग ती मी बोटांनी सारखी करते आणि पाखरू टाचते.